धवल्यापुरती जागा

सेडानच्या मागच्या सीटवर आई बसली आणि तिचे गुडघे पार पोटाशी आले.

"लेगरूम बघा काका, पाय एकदम आरामात," शोरूममधला विकी म्हणाला. एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहणारा, गळ्यात टाय अडकवलेला पोरगा. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पुढे पाय पसरायला जागा होती, खोटं कशाला बोला. पण सीट इतकी खाली की आई बसली नाही, पडलीच. वरून मागे उतरत आलेलं छप्पर तिच्या अंबाड्याला घासत होतं.

"आये, श्वास घेऊन बघ," मी म्हणालो.

तिने घेतला. तो अर्ध्यातच अडकला.

"दुमडल्यावानी व्हते रं बाला," ती म्हणाली. "नाय जमाचा हिथं."

माझी आई पुतळाबाई आमच्या गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतोच, पण धवले, म्हणजे आमची लग्नाची गाणी, म्हणणारी बाई नसेल तर लग्न लागलंय असं कुणाला वाटत नाही. त्यात आमच्या गावची रीत अशी, की नवरी सासरी निघाली की धवलारणीने तिच्या शेजारी बसायचं आणि गावाची शीव येईपर्यंत धवला म्हणायचा. गावातल्या निम्म्या लेकी आईने अशा पोचवल्यात, कधी टेम्पोत तर कधी जीपच्या टपाला डोकं आपटत. आता मे महिन्यात तिची नात, माझी एकुलती एक लेक रचना निघणार होती.

आणि आईचा श्वास पुरेना. आयुष्यभर चुलीपुढे बसून फुप्फुसं कडक झालीत, असं डॉक्टर म्हणाले. मे महिन्यापर्यंत निभेल का विचारलं तर म्हणाले, तेवढं धरून चालू नका. आईला मी सांगितलं, कफ झालाय. मग ती खाटेला नावं ठेवू लागली, रिक्षाला नावं ठेवू लागली. नीट बसायला मिळालं तर आवाज लागेल म्हणाली. गाडी घ्यायचीच होती, म्हटलं तिच्या छातीला पुरेल अशीच घेऊ. हा वेडेपणा आहे हे मलाही कळत होतं. पण दुसरं काय होतं माझ्या हातात?

शोरूममध्ये ती नुसता श्वास घेऊन बघणार होती. प्रत्यक्ष धवला म्हणायचा प्रश्नच नव्हता. हळद लागल्याशिवाय धवला तोंडाबाहेर काढायचा नाही, हा तिचा नेम. मागे रचनाने मोबाइलवर रेकॉर्ड करू दे म्हटलं, तर केवढी खेकसली होती तिच्यावर! इतक्या वर्षांत मी तिला घरात साधं गुणगुणतानाही ऐकलेलं नाही.

मग एसयूव्ही. तिची पायरी इतकी उंच की आईचा पाय पोचेना. मी तिला उचलली. भाताची पेंडी उचलावी तशी हलकी लागली हाताला. पण आत बसल्यावर पाठ ताठ राहिली, पाय सुटे लोंबले, हात वर केला तरी छताला टेकेना.

"हिथं बरा हाय," ती म्हणाली. "मोकला."

"एक राउंड मारू या ना आजी," विकी म्हणाला आणि त्याने गाडी माणिकपूरच्या गर्दीतून काढून होळी गावातल्या केळीच्या वाड्यांकडे घेतली. मी मागे आईशेजारी होतो. वळणावर गाडी कलली की ती माझ्या अंगावर रेलायची. सेडान एवढी डोलत नाही, रस्ता धरून चालते, हे मला ठाऊक होतं. तरी ताठ बसलेली आई बघून मी मनातल्या मनात हीच गाडी पक्की केली. गाडीबरोबर मे महिनाही पक्का करून टाकला.

तेवढ्यात आईने डोक्यावर पदर घेतला आणि धवला सुरू केला.

मी चरकलो. "आये, अजून हळद नाय लागली," एवढंच तोंडातून निघालं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. पहिली ओळ थरथरत पूर्ण झाली. दुसरी मध्येच तुटली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच तुटली. ओठ हलत राहिले, आवाज नव्हता. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. जी बाई हळदीशिवाय कधी तोंड उघडत नाही, ती आज धवला म्हणून घेत होती. कफबिफ काही नाही, हे तिला केव्हापासून माहीत होतं कुणास ठाऊक.

विकीने घाबरून एसी वाढवला, मग गाडी बाजूला घेतली. मी त्याच्यावरच ओरडलो, "ही गाडी लहान आहे! मोठी दाखव!"

"काका, यापेक्षा मोठी आमच्याकडे नाही."

"कशी नाही? असलीच पाहिजे!"

आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार पडला होता. बोलण्यापुरता श्वास जमायला तिला वेळ लागला.

"त्याला नको वरडू. गाडी लहानच हाय, दुसरं काय नाय," ती म्हणाली. मग पदर नीट करून खिडकीकडे बघत पुढचं बोलली. "रचनाला नको सांगू हां, मी हलदीआधी धवला म्हनला त्यो."