ढोल्याची भेट राहिली

मी चिंधी बोलतेय. शिवणकाम करणाऱ्या ताईंची काळी कुत्री. लहानपणी कापडाच्या कपट्यांत झोपायचे, म्हणून हे नाव पडलं.

शेजारच्या दुकानात घड्याळवाले काका बसायचे. त्यांचा कुत्रा ढोल्या म्हातारा, हृदयाने अधू. सकाळी शटर वर गेलं की मी आधी त्याच्याकडे पळायचे. त्याच्याच भांड्यातलं पाणी प्यायचे आणि त्याच्या पोटाला पाठ लावून पडायचे.

एकदा ताई परगावी गेल्या, तेव्हा मला कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवलं. घरी आणतानाच मला खोकला सुरू झाला. ताईंना वाटलं, मी दोरा गिळला.

डॉक्टर म्हणाले, "दोरा नाही, संसर्ग आहे. लस दिली होती?"

"राहून गेली हो."

"ही तरुण आहे, निभावेल. पण खोकल्यातून, भांड्यांतून दुसऱ्या कुत्र्याला लागतो. मी सांगेपर्यंत कुणाजवळ नेऊ नका."

ताईंनी मला दुकानामागच्या खोलीत ठेवलं. माझी भांडी वेगळी. काकांकडे जायच्या आधी त्या हात धुऊन कपडे बदलायच्या. भिंतीपलीकडे ढोल्या भुंकायचा. मी दार खरवडायचे. वाटायचं, ताई रागावल्यात.

मग एक दिवस काकांचा आवाज आला. "मुलगी आम्हाला न्यायला आलीय गं. दुकान बंद करतोय. एकदा भेटू दे की यांना."

ताईंचा हात कडीवर आलेला मी ऐकला. शेपूट आवरेना माझं.

"काका, डॉक्टरांनी अजून सोडलं नाहीये. ढोल्याला काही झालं तर?"

कडी पुन्हा खाली पडली.

"तुझंच बरोबर आहे," काका म्हणाले. "चल रे बाबा."

ताई आत आल्या. मला उचलून त्यांनी बंद खिडकीच्या काचेशी धरलं. ढोल्याला फारसं दिसत नसे. गाडीत चढताना तो भलत्याच दाराकडे बघून शेपूट हलवत होता. ताईंच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मानेवर गळत होतं.

आता मी बरी आहे. लसही टोचली. काकांचा फोन येतो; ढोल्या ठणठणीत आहे म्हणे, नातीच्या मागे घरभर फिरतो. मी फोन हुंगून बघते. त्याला ढोल्याचा वास येत नाही.

तुमचं कुत्रं खोकत असेल, तर त्याला इतर कुत्र्यांत सोडू नका. लस वेळेवर द्या. आणि बंद दाराआड ते रडलं, तर जवळ जाऊन बसा. आपलं काय चुकलं, हे त्याला कळत नसतं.

ताई म्हणतात, "जाऊ हं आपण ढोल्याकडे." हल्ली त्यांनी पिशवी उचलली, की मी त्यांच्याआधी उंबऱ्यात जाऊन उभी राहते.