धाऊची काजळी

कोंडाजीचा गोऱ्हा चार दिवसांपूर्वी नाहीसा झाला, आणि चोर कोण हे त्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं. नदीवर तीरकमठ्याने मासे मारणारा धाऊ कातकरी रोज भर दुपारी त्याच्या बांधावरून जायचा, तोही दोन्ही डोळ्यांखाली काजळी फासून. भला माणूस असली सोंगं कशाला करील? मागच्याच साली खालापुरापाशी गाड्या लुटणाऱ्यांनीही तोंडं अशीच रंगवली होती म्हणे.

आज त्याने कर्जतहून शिपाई आणला आणि धाऊला नदीवरच गाठलं.

"ही काजळी कशाला रं? तोंड लपवाया?"

"नाय दादा. पाण्यावरचं ऊन गालावरनं डोल्यात शिरतं. काजळी असली का दिपत नाय. तवाच मासा दिसतो."

कोंडाजी फिस्सकन हसला. त्याने धाऊला तोंड धुवायला लावलं आणि तीर मारायला सांगितलं. तीर वाळूत रुतला. पुन्हा काजळी लावून मारला, तर मासा तडफडत वर आला.

"पयल्यांदा मुद्दाम चुकला हाय ह्यो," कोंडाजी म्हणाला.

शिपाई उन्हाने वैतागला होता. "मग तुम्हीच लावून बघा. खोटं निघालं तर याला आत्ता घेऊन जातो."

नाइलाजाने कोंडाजीने धाऊच्या करवंटीतली काजळी बोटावर घेतली आणि डोळ्यांखाली ओढली. पाणी चकाकतच होतं, पण मघासारखं खुपत नव्हतं. काजळीचा गुण, की चार दिवसांत जडलेली निरखून बघायची खोड, देव जाणे. त्याची नजर पलीकडच्या काठावर गेली. तिथे नामाचं, त्याच्या पाठच्या भावाचं घर होतं. घरामागे बांबूच्या सावलीत एक गोऱ्हा बांधलेला होता. कपाळावर पांढरा टिळा.

हा तर त्याचाच गोऱ्हा. वाटणीत याच गोऱ्ह्यावरून नामा हमरीतुमरीवर आला होता.

"दिसतंय का काही?" शिपायाने विचारलं.

धाऊ कोंडाजीकडे टक लावून बघत होता. याला तर पलीकडचा काठ रोजच दिसत असणार. पण त्याने सांगितलं असतं, तर खरं कुणी मानलं असतं? कोंडाजीला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने धोतराच्या सोग्याने काजळी खसाखसा पुसली.

"काय बी दिसत नाय," तो म्हणाला. "लबाड हाय. न्या त्याला."