प्रोमाया अडवणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. खरं तर आता अर्धाच उरलोय, पण ऐट गेलेली नाही. सर्बियाच्या डोंगरातल्या एका शाळेचा मी मागचा दरवाजा. ग्वोझ्देन सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा तुमच्या नातवंडांनाही पुरेल!" मी फुगलो. पावसाळी हवेत जरा जास्तच फुगायचो.

मी आतल्या बाजूला उघडायचो आणि पोरं माझ्यातून अंगणात धावायची. पण आमच्या गावात लोक भूकंपाला भीत नाहीत, प्रोमायाला भितात. समोरासमोरची दोन दारं उघडी राहिली की मधून वाहतो तो वाऱ्याचा झोत म्हणजे प्रोमाया. त्याने मान आखडते, कान ठणकतात, माणूस अंथरुणाला खिळतो, असं इथे सगळे शपथेवर सांगतात. शाळेची झाडलोट करणाऱ्या स्तामेंका मावशीने एका हिवाळ्यात माझ्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि वर जाडजूड खिळे ठोकले. "आता ये म्हणावं मेल्याला!" सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. त्या खिळ्यांनी मी चौकटीला जखडलो आणि तेव्हापासून उघडलोच नाही.

पुढे शाळा संकटाला कितपत सज्ज आहे ते तपासायला रदिसाव साहेब आले.

"मागून बाहेर पडायला वाट आहे का?"

"आहे ना साहेब, तो काय दरवाजा," शिक्षिका विदोसावा बाई म्हणाल्या.

"उघडून दाखवा."

"दाखवते की. पण पुढचं दार उघडं आहे, आणि तुम्ही चढ चढून घामाघूम झालात..."

साहेबांचा हात झटकन मानेवर गेला. "नको, नको! राहू दे." त्यांनी शाळा सज्ज असल्याचा शेरा दिला, घेवड्याचं गरम सूप प्यायले आणि गेले. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

मग एका सकाळी जमीन गुरगुरली आणि हादरली. फळा निखळून फरशीवर फुटला. छपरावरचं धुराडं कोसळलं आणि पुढचं दार विटांखाली गाडलं गेलं. पोरं किंचाळत माझ्याकडे धावली. त्यांची सुटकेची वाट मीच होतो आणि मी उघडत नव्हतो. मुठी आपटत होत्या, नखं मला ओरबाडत होती, मागची पोरं पुढच्यांना चिरडत होती. वर भिंत झुकत चालली होती.

स्तामेंका मावशी अंगणात शेगडीसाठी लाकडं फोडत होती. ती कुऱ्हाड घेऊनच धावली. तिची नात आत होती.

"कालिना! आहेस का गं?"

"आजी, उघड! उघड ना!"

"मागे सरा रे सगळे, मागे सरा!"

विदोसावा बाई एका हाताने पोरांना मागे खेचत होत्या, दुसरा हात मोडून लोंबत होता. पण सरायला जागा कुठे होती? पहिला घाव माझ्या छातीत बसला. मार, अजून जोरात मार, असं मी मनात म्हणत होतो. ग्वोझ्देनने मला इतकं मजबूत केलं, याचा मला त्या दिवशी संताप आला. अखेर फळी फाटली. उजेड दिसताच कालिनाने फटीतून हात बाहेर काढला, आणि तेवढ्यात पुढचा घाव खाली आला.

तिची दोन बोटं माझ्या उंबऱ्यावर पडली. मावशीने हंबरडा फोडला, पण कुऱ्हाड थांबवली नाही. रडत रडत ती घाव घालत राहिली. भगदाड झालं आणि तिने एकेक पोर ओढून बाहेर काढलं. विदोसावा बाई सगळ्यांत शेवटी आल्या आणि भिंत कोसळली.

आता नवी शाळा आहे. तिचा मागचा दरवाजा नुसता ढकलला की बाहेर उघडतो. मला कापून त्याच्याशेजारी बाक केलंय. मित्रांनो, तुमच्या शाळेचं मागचं दार आजच एकदा ढकलून बघा. 'दरवाजा आहे ना' असं कुणी सांगितलं, तर तेवढ्यावर जाऊ नका.

कालिना आमचा नवा दरवाजा रोज ढकलते, त्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी. बर्फ पडत असलं तरी स्तामेंका मावशी माझ्यावर येऊन बसते.

"मावशी, आत चल, दोन्ही दारं उघडी आहेत, प्रोमाया लागेल!" बाया ओरडतात.

"लागू दे," ती म्हणते आणि मानेवरचा रुमाल सोडून मांडीवर ठेवते.