चुन्याची निवळी

मी काळजी करणारी बाई आहे, हे घरात सगळ्यांना मान्य आहे आणि मलाही. माझी लेक शमिका झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासते, गॅस बंद केला का ते दोनदा पाहते आणि दोनदा पाहिल्याची लाज वाटून तिसऱ्यांदा पाहते. पण टायट्रेशन, म्हणजे थेंब मोजून पाण्यात काय किती आहे ते काढणं, मला येतं. नागपूरला एम.एस्सी. करताना अर्धा वर्ग माझी रीडिंग्ज उतरवून घ्यायचा, आणि थेंब मोजताना माझा हात आजही थरथरत नाही.

आनंद नगरच्या आमच्या हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी आहे, प्रवाळं पाळायची. मूळ हौस परागची, माझ्या नवऱ्याची; पण कारखान्यातल्या शिफ्टांपुढे त्याची हौस टिकली नाही आणि बाळंतपणाच्या रजेत ती टाकी माझ्याकडे आली ती आलीच. जवळातला जवळचा समुद्र इथून रात्रभराच्या गाडीवर, तेव्हा आम्ही तो पाकिटातून आणतो आणि शुद्ध पाण्यात विरघळवतो. रोज सकाळी पराग गेला की मी नळीत टाकीचं पाणी घेऊन ते निळ्याचं पिवळं होईपर्यंत तपासणीच्या किटमधल्या औषधाचे थेंब टाकत मोजते. नऊ थेंब म्हणजे सगळं ठीक. टाकीतली प्रवाळं पाण्यातला क्षार आणि चुना ओढून स्वतःचा सांगाडा बांधतात, त्यामुळे थेंब रोज थोडे कमी भरतात, आणि ती तूट मी निवळीनं भरून काढते. पानाचा चुना पाण्यात कालवून ठेवायचा, खाली बसू द्यायचा, आणि वरचं नितळ पाणी पळीपळीनं टाकीत सोडायचं.

होळीनंतर प्रवाळं पांढरी पडू लागली. तसं होतं कधी कधी. पण ती पांढरी पडत असताना थेंब मात्र दुप्पट वेगानं घटू लागले, हे काही मला पटेना.

ज्याच्याकडून टाकी घेतली त्या नेहरू नगरच्या सत्यजितला फोन केला. तो हसला. “भाभीजी, मरता हुआ कोरल चूना नहीं खाता. आपकी किट पुरानी होगी.”

नवी किट आणली. तेच. तापमान पाहिलं, मीठ पाहिलं, हीटरवर चुना साचतोय का म्हणून बोट फिरवलं, तर बोट स्वच्छ. त्याच पाण्याची एक बादली आठवडाभर बाजूला ठेवली. तिच्यात नऊचे नऊ थेंब. शेवटी सगळी प्रवाळं सत्यजितकडे पोचवली, आणि तिथे आठ दिवसांत त्यांना पुन्हा जांभळे शेंडे फुटले. आमच्या टाकीत आता पाणी, पंप आणि हीटर याखेरीज काही नव्हतं. दुसऱ्या सकाळी मोजलं. सात थेंब. त्याच्या पुढच्या सकाळी पाच.

दुसरी कुणी शहाणी बाई टाकी पुसून मोकळी झाली असती. मी निवळी दुप्पट केली.

सासूबाई तेव्हा नागपूरहून आल्या होत्या, शमिकासाठीच. चौदा महिने झाले तरी पोरीला एक दात नव्हता, पायांवर भार टाकत नव्हती. डॉक्टर म्हणायचे थांबा, आणि थांबणं हीच एक गोष्ट मला कधी जमलेली नाही.

“अगं, हीच निवळी मी परागला पाजलीय, दात येत नव्हते तेव्हा,” सासूबाई म्हणाल्या. “तू पोरीला सोडून काचेला पाजतेस होय?”

“डॉक्टर नको म्हणालेत, आई.”

“आणि काचेचे डॉक्टर काय म्हणाले?”

टाकीतली निवळी दुप्पट केल्याच्या तिसऱ्या दिवशी भरवताना शमिकाच्या तोंडात चमचा टक्कन वाजला. आठवड्यात दुसरा दात आला, आणि एका दुपारी सोफ्याची कड धरून ती उभी राहिली. योगायोग असतात, हे मी स्वतःला बजावलं. निवळी मात्र चालू ठेवली.

परागनं एका संध्याकाळी माझी वही पाहिली. रिकाम्या टाकीची तीन आठवड्यांची रीडिंग्ज. त्यानं वही मिटून ठेवली.

“योगिनी, तू दमलीयस. सत्यजित रविवारी टाकी परत नेईल. तोवर तिच्यात काही ओतू नकोस, प्लीज.”

मी ऐकलं. आज्ञाधारकपणानं नव्हे, मलाही बघायचंच होतं. गुरुवारी पाच थेंब, शुक्रवारी तीन. शनिवारी पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं झालं, आणि त्या सकाळी शमिकाला उभं केलं तर तिचे पाय ओल्या फडक्यासारखे दुमडले. डॉक्टर म्हणाले, व्हायरल असेल. मी मान डोलावली आणि घरी येऊन चुना कालवला.

रविवारी सकाळी सत्यजित टेम्पो घेऊन आला. पाणी काढायला परागनं नळी हातात घेतली, तेव्हा मी पातेलं आणि पळी घेऊन टाकीसमोर उभी राहिले.

“टाकी जाणार नाही.”

“अगं, त्यात काहीही नाहीये!”

“मग मी ओतलं तर कुणाचं काय जातं?”

सत्यजित चपलांकडे बघत होता. “भाभीजी, हम बाद में आएँ?”

“बाद में भी नहीं.”

माझा आवाज इतका सरळ निघाला की मीच दचकले. पराग नळी तिथेच टाकून, त्याची माफी मागत त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेला. मी ओतू लागले. एक पळी. दुसरी. मागे सोफ्यावर सासूबाई शमिकाला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. ते थोपटणं थांबलं, म्हणून मी वळले.

शमिकाच्या तोंडात काही नव्हतं. मी तिच्यावरची नजर न काढता तिसरी पळी सोडली. तिचा गळा हलला. चौथी. पुन्हा हलला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी पळी हवेत धरून थांबले.

शमिकानं वाट पाहिली. मग माझ्याकडे नव्हे, टाकीकडे तोंड करून तिनं आ केला.