खळीच्या हौदाची वाट

“आधी राळ. ती लगद्यात पुरती मुरू दे, मगच तुरटी. घाई केलीस तर शाई फुटेल, मग बस रडत.”

सासूबाई चुलीपुढे छोट्या पातेल्यात सोडा घालून राळ शिजवत आणि सुनेकडून हे घोकून घेत. कागदाच्या गिरणीत खळ करणारे हे घर. कागदावर शाई पसरू नये म्हणून लगद्याला जी खळ देतात, तिचे प्रमाण या घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. घरातही ते बायकांनीच जपले होते; पुरुष हौदापाशी उभे राहून विसरत.

गिरणीची मात्र एक रीत होती. नवरा गेलेल्या बाईने खळीच्या हौदाजवळ जायचे नाही. त्या कागदावर जन्माच्या नोंदी व्हायच्या, लग्नाच्या बोलण्यांची पत्रे जायची. तिचा हात त्याला नको. तिने बसायचे चिंध्या पांढऱ्या करण्याच्या खोलीत. तिथे रंग उडवणारी भुकटी पाण्यात पडली की डोळ्यांना धार लागे, घसा सोलून निघे. दार एकच, खिडकी नाही. लगदा त्याच चिंध्यांचा व्हायचा, पण तिथे विधवेचा हात कोणाला बाधत नसे. कागद धरलेल्या आपल्या बोटांखालचा पांढरेपणा कोणाच्या घशातून आला, हे आपण तरी कधी विचारले आहे?

सासरे गेल्यावर सासूबाईंनी त्या खोलीत नऊ वर्षे काढली. शेवटी पाणीही गिळवेना. सून तेव्हा नुकतीच विधवा होऊन त्यांच्या शेजारी बसू लागली होती. तिचा हात धरून त्या म्हणाल्या, “तुझं मला टाळता आलं नाही. पण माझ्या पोरीवर कधी ही वेळ आली, तर तिला त्या दारातून आत जाऊ देऊ नकोस.”

सुनेने शब्द दिला. देव करो आणि तो पाळायची वेळ न येवो, असे ती रोज हात जोडून म्हणे. वेळ आली. नणंद एकोणिसाव्या वर्षी, नवरा गेल्यावर, माहेरी परतली.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सून घरी आली होती, तेवढ्यात दीर धापा टाकत आला. वडिलांमागे खळीचे काम त्याच्याकडे होते. हातात ओलसर कागद.

“वहिनी, बघा ना. काय बिनसलंय तेच कळत नाही.”

तिने कागद उजेडात धरला. राळेचे पिवळे ठिपके. शाईचा थेंब टाकला, तर कोळ्यासारखे पाय काढत पसरला. “तुरटी आधी ओतलीत, भावजी.”

मग किती राळ, किती सोडा, किती वेळ थांबायचे, ते सगळे तिने पुन्हा सांगितले. पुढचा हौद चोख उतरला.

संध्याकाळी स्वारी खुशीत होती. साहेबांनी पाठ थोपटून विचारले म्हणे, हे डोके कोणाचे? याने सांगितले, वडिलांचे. मग हात धुता धुता, आमटीत मीठ कमी आहे अशा सुरात, म्हणाला की भुकटीच्या खोलीत एक जागा रिकामी झाली आहे, उद्या बहिणीला घेऊन या.

नणंद जुन्या कपड्यांची बटणे उसवत होती. तिचा हात थांबला.

“वन्सं उद्या खळीवर येतील,” वहिनी हळूच म्हणाली. “माझ्याबरोबर.”

दीर हसला. “तुम्ही दोघी हौदाशी उभ्या राहिलात तर लगदासुद्धा पळून जाईल, वहिनी.”

“आजची खळ कोणाची होती?”

“सांगणं वेगळं, हात लावणं वेगळं. आणि रीत काय मी काढलीय?”

“नाही. पण आईंचा खोकला तुम्हीही ऐकलात.”

त्याने पंचाला हात पुसले. मग कुरकुरला, की साहेब दोघींना हाकलतील, असलेलेही जाईल.

“जाईल कदाचित,” ती म्हणाली. “पण खळीचं विचारायला आता घरी येऊ नका, भावजी. मी हौदापाशी सापडेन. नाहीतर कुठंच नाही.”

सकाळी भोंगा झाला. तिने रोजच्यासारखे देवापुढे हात जोडले, पण आज काही मागितले नाही. राळेची पुडी पिशवीत टाकली. फाटकातून आत गेल्यावर पांढऱ्या भुकटीने हात सोललेल्या बायका मुकाट डावीकडे, भुकटीच्या खोलीकडे, वळत होत्या. नणंदही त्यांच्यामागे वळली.

वहिनीने तिचे मनगट धरले, आणि दोघी उजवीकडे चालू लागल्या.