डावं बटण

खेडचा घाट उतरायच्या आधी रोहिदासने सायकल कडेला घेतली, पाय टेकला आणि उजव्या हाताने ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहिली. चाकं हलली नाहीत. त्याने ब्रेक सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा ढकलली. चाकण सोडल्यापासूनची ही चौथी खेप होती.

"अनंता, तू बघ की जरा. लागतोय न्हवं?"

अनंत आपली सायकल आडवी टाकून आला. त्याने ब्रेक दाबला.

"लागतोय."

"दोन्ही?"

"दोन्ही. पुढचाही, मागचाही."

"तू बघितलंस म्हंजी झालं," असं म्हणून रोहिदास निघाला.

त्याच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं नव्हती. पिंपरीच्या सायकलवाल्याने दोन्ही चाकांचे ब्रेक उजव्या मुठीला जोडून दिले होते आणि काम चोख केलं होतं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, हे अनंतला ठाऊक होतं. पूर्वी हाच माणूस उतारावर दोन्ही हात सोडून शीळ घालत सुटायचा आणि मागून अनंत ब्रेक दाबत यायचा.

दोघांची ओळख कंपनीतली. रोहिदास पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर, अनंत त्याच विभागाचा, म्हणजे शॉपचा इनचार्ज. एकाचं घर दिघीच्या जुन्या वस्तीत, दुसऱ्याचं पिंपळे सौदागरला नवव्या मजल्यावर. एका रविवारी दोघे सायकलवर लोहगडाच्या चढाला धापा टाकत एकमेकांना भेटले आणि तिथेच रोहिदासने नियम घालून दिला, की कंपनीत 'साहेब' आणि सायकलवर 'अनंता'. सहा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. भीमाशंकरची ही तीन दिवसांची फेरी तेव्हापासून ठरत होती. यंदा जानेवारीत रोहिदासनेच ती काढली.

"सोमवारी हापिसात सही केली की मी गेटवर बसणार," तो फोनवर म्हणाला होता. "त्याच्या आधी जाऊन येऊ."

ती सही कशावर करायची आहे, हे अनंतला पाठ होतं. अपघाताच्या वेळी प्रेसच्या डाव्या बटणात पॅकिंग अडकवलेलं होतं, आणि ते रोहिदासनेच अडकवलं होतं, अशा कबुलीचा तो कागद होता. सही झाली की चौकशी मिटणार होती आणि रोहिदासला हलकं काम मिळणार होतं.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण महिनाअखेरीला घाई असली की एका बटणात पॅकिंग म्हणून रबराची घडी खुपसायची आणि एकाच हाताने काम उरकायचं, हे शॉपमध्ये सगळेच करत. रोहिदासही करायचा. साहेब लोकांना ते दिसायचं नाही, कारण त्यांनी बघायचं नसतं.

गेल्या मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीनंतर तो प्रेसवर आला. डाव्या हाताने पत्रा आत सरकवताना त्याचा उजवा हात सवयीने बटणावर गेला. एरवी काहीच झालं नसतं. त्या दिवशी प्रेस खाली आली.

हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तो स्वतःच म्हणाला होता, "साहेब, चूक माझीच. मीच घातलं असंल, काढायचं इसरलो. आठवत न्हाई." रोज कुलूप लावणाऱ्याला आजचं आठवत नाही, तसं त्याचं झालं होतं. शंभरदा घातलेलं आणि शंभरदा काढलेलं ते पॅकिंग, त्यातलं त्या दिवशीचं कुठलं हे तो कसं सांगणार? पलंगाशी उभ्या असलेल्या अनंतने तेव्हा सुटकेचा सुस्कारा सोडला होता. त्या सुस्काऱ्याची त्याला अजून लाज वाटत होती.

कारण ते पॅकिंग अनंतने घातलं होतं.

तो या फेरीला आला होता ते सांगायला. पहिल्या चहाला सांगायचं ठरलं होतं, मग मंचरला, मग घोडेगावला. सांगायचं ठरवून निघालेली माणसं चहा फार पितात. पाच चहा झाले आणि खाई त्याला खवखवे म्हणतात तशी अनंतच्या घशाची खवखव काही गेली नाही.

"तब्येत बरी हाय न्हवं?" रोहिदासने विचारलं.

"धूळ आहे रे रस्त्यावर," अनंत म्हणाला आणि वेळ मारून नेली.

मुक्काम डिंभ्याला होता, रोहिदासच्या मावसभावाकडे. भिमाजी अंगणातच वाट बघत उभा होता. ऊन उतरत होतं, धरणाचं पाणी खाली तांबूस दिसत होतं. भिमाजीची बायको सोजराबाई कडेवर नातू घेऊन बाहेर आली. भाकरी तव्यावर टाकून आलेली, तिने सरळ पोर रोहिदासपुढे केलं.

"धरा की भावजी, भाकर करपंल."

रोहिदास दोन पावलं मागे सरला. दोन्ही हात त्याने पाठीमागे नेले, चोरी करताना पकडलेल्या माणसाने न्यावेत तसे.

"न्हाई वयनी. त्याच्याकडं द्या."

पोर अनंतच्या हातात आलं. सोजराबाईने रोहिदासच्या हाताचा विचार केला असावा. ती ओशाळून आत गेली.

"एवढं काय? दोन्ही दंडांवर घ्यायचं," अनंत म्हणाला.

"बोटांचं न्हाई रे." रोहिदास ओट्यावर टेकला. "माझी विजयश्री आठ म्हैन्यांची झाली. अजून उचलली न्हाई मी तिला. पूनम म्हनती घ्या, आई म्हनती घे. मी म्हनतो हात धुवायचेत. मला सांग, रोज ज्या हातानं पॅकिंग काढायचो त्या हातानं एक दिवस काढलं न्हाई आन मला ठावंबी न्हाई. उद्या पोरगी कुठंतरी काठावर ठिवली आन इसरलो तर?" तो थोडा हसला. "गॅस पाच येळा बघतो मी. कुलूप बघतो. पूनम कावती. हाताचं काय न्हाई, हाताच्या सवयीवर इसंबून व्हतो. माझा माझ्यावरच भरवसा न्हाई राहिला."

अनंतच्या मांडीवर पोर त्याच्या घड्याळाशी खेळत होतं. आता बोलायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात भिमाजी पाण्याचा तांब्या घेऊन आला, आणि अनंतला त्या तांब्याचे उपकार वाटले. इतका हलका माणूस आपण आहोत हे त्याला त्याच ओट्यावर कळलं.

दुसरा दिवस सगळा चढाचा. चढावर माणूस बोलत नाही, त्याला कुणी विचारतही नाही, म्हणून अनंतला तो चढ संपू नये असं वाटत होतं. भीमाशंकरला पोहोचल्यावर रोहिदासने देवळाबाहेर चप्पल काढली आणि त्या दोन पावलांसाठी पिशवीची चेन तीनदा ओढून पाहिली. देवापुढे तो फार वेळ उभा राहिला नाही. अनंत आत गेलाच नाही. सायकली सांभाळतो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी परतीची वाट वाड्यावरून होती. मंदोशीच्या घाटाच्या माथ्यावर दोघे थांबले. खाली वळणावर वळण घेत रस्ता उतरत होता, कठड्याचे दगड कुठे होते, कुठे पडले होते. हा उतार संपला की वाडा, राजगुरुनगर, चाकण, आणि मग सोमवार. रोहिदास दगडावर बसून केळं सोलत होता. अंगठा आणि करंगळी यांच्यात धरून, दाताने साल ओढून. त्याला ते आता जमायला लागलं होतं.

"रोहिदास, ते पॅकिंग मी घातलं होतं."

"कुठलं?"

"डाव्या बटणातलं. त्या दिवशी. तुम्ही सगळे जेवायला गेला होतात. मला ट्रायलचे दोन पीस काढायचे होते, एका हाताने पत्रा धरायचा होता. मीटिंगला बोलावणं आलं, आणि मी तसाच निघून गेलो."

रोहिदासने केळं खाली ठेवलं नाही, खाल्लंही नाही.

"किती वाजता?"

"पावणेएक."

"मी एकला आलो."

"हो."

"म्हंजी मी घातलंच न्हवतं."

"नाही."

"काढायचं इसरलो न्हवतो."

"तुला माहीतच नव्हतं ते आत आहे."

एक ट्रॅक्टर उसाच्या वाढ्यांचे भारे घेऊन घुरघुरत वर आला आणि गेला. तू दहा महिने गप्प का बसलास, असं तो विचारणार म्हणून अनंतने उत्तर जुळवून ठेवलं होतं. त्यात फ्लॅटचे हप्ते होते, म्हातारे वडील होते, नोकरी गेली असती हे होतं, आणि तूच आधी चूक कबूल केलीस हेही होतं. तीन दिवस घोटून ते गुळगुळीत झालं होतं. रोहिदासने ते विचारलंच नाही.

त्याने केळं दगडावर ठेवलं आणि दोन्ही हात समोर धरले. आधी तळवे बघितले, मग उलटे करून पाठ बघितली. डावा जास्त वेळ बघितला. बाजारात घ्यायची वस्तू निरखावी तसे ते निरखून झाल्यावर त्याने ते मांडीवर ठेवले.

"विजू आता धरून उभी ऱ्हाती," तो म्हणाला. अनंतला उद्देशून म्हणाला असं वाटलं नाही.

"रोहिदास, मी..."

"ऊन व्हायच्या आत उतरू."

तो उठला. अनंतही उठला आणि सवयीने, तीन दिवसांच्या सवयीने, रोहिदासच्या सायकलपाशी जाऊन त्याने ब्रेकला हात घातला. रोहिदासने हँडल धरून सायकल आपल्याकडे ओढून घेतली. जोराने नव्हे, दुसऱ्याच्या अंगणात गेलेलं आपलं जनावर वळवावं इतक्याच बेताने.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. मी बघतो."

त्याने ब्रेक दाबला आणि सायकल एकदा पुढे ढकलली. चाकं जागची हलली नाहीत. त्याने ब्रेक सोडला, टोपी नीट केली आणि टांग टाकली.

"सोमवारी अकराला हापिसात हाय मी," तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला. "यायचं तर या."

पहिल्या वळणापर्यंत तो सावकाश गेला. दुसऱ्या वळणावर अनंतला तो पुन्हा दिसला, तेव्हा सायकलने वेग घेतला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, थांबलाही नाही. नंतर एका पडक्या कठड्याआड तो दिसेनासा झाला. चाकांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही लांब जाऊन विरला.

अनंतने दगडावरचं केळं उचललं, परत ठेवलं. पिशवी लावली. सायकल उताराच्या तोंडाशी आणून त्याने ब्रेक दाबला आणि पुढे ढकलून पाहिली. ब्रेक लागत होता. घरून निघताना त्याने स्वतः बघितला होता, काल बघितला होता, आज सकाळीही बघितला असावा.

त्याने ब्रेक सोडला, आणि पुन्हा दाबला.