बाटलीतला तांबडा रंग

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. गल्ली माणसांनी गच्च भरली आहे आणि ओट्यावर बाबा बसलेत. ते तेलाच्या बाटलीत तांबड्या औषधाचे थेंब टाकतात, "हा बघ तुझा रोग," म्हणतात आणि बाटली गरम फडक्यात गुंडाळून रुग्णाच्याच हाती देतात. रोगाला म्हणे उकाडा सोसत नाही. रुग्ण बाटली हलवत बसतो. फडकं सुटतं, तर रंग गायब. रोग गेला, गोळ्या बंद. रंग गेला नाही तर श्रद्धा कच्ची, पुन्हा या.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा रंग असाच गेला आणि तिने क्षयाच्या गोळ्या सोडल्या. आता थुंकीत पुन्हा रक्त दिसू लागलं. तिची दहावीतली मुलगी काकुळतीला आली. ती विनवून, भांडून, उपाशी राहून थकली. आईचं पालुपद एकच: बाटली बाबांनी नाही, मी माझ्या हातांनी हलवली, मग फसवणूक कशी?

तेव्हा मुलीला वर्गातला प्रयोग आठवला. तिने एका बाटलीत खायचं तेल घेतलं, दुसरीत शिलाई मशीनचं. दोन्हींत जखमेवर लावायच्या तांबड्या आयोडीनचे थेंब टाकले, गरम फडक्यात गुंडाळून हलवत बसली.

"आता तूही बाबा झालीस का?" अंथरुणातून आई म्हणाली.

फडकं सोडलं. खायच्या तेलातला रंग उडाला होता, मशीनच्या तेलातला तसाच होता.

"आई, ही मी हलवली. माझा कुठला रोग गेला?"

मग तिने समजावलं. कार्बनच्या अणूला जणू चार हात असतात. खायच्या तेलात काही शेजारी अणू एकमेकांना दोन-दोन हातांनी धरतात, तो दुहेरी बंध. आयोडीन आलं की दोघे एकेक हात सोडवून त्याला धरतात आणि अडकलेल्या आयोडीनचा रंग जातो. ही संयुगं असंपृक्त. मशीनच्या तेलात सगळे एकेरी बंध, सोडवायला हातच नाही, ती संपृक्त. बाबांकडे दोन्ही तेलं असणार. कुणाला बरं करायचं नि कुणाला परत बोलवायचं, ते बाटली उचलतानाच ठरत होतं.

आई बाटल्यांकडे बघत राहिली. "म्हणजे मी बरी झालेच नाही," ती म्हणाली. "तेवढाच एक आधार होता गं."

मुलांनो, खोट्या आधाराने फुप्फुसातली जखम भरून येत नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर तोच बाबाशिवाय आणि रुग्णाशिवाय करून बघा.

मुलीने आईला धरून उठवलं. दवाखान्याच्या वाटेवर बाबांच्या ओट्यासमोरची रांग लागली. कडेवर तापलेलं लेकरू घेतलेल्या बाईपाशी मुलगी थांबली आणि हळूच म्हणाली, "मावशी, याचं औषध बंद नाही ना केलंत?"